जपानी, चिनी आणि कोरियन लिपींत नाव कसे रेखावे

या लिपींत नाव लिहिताना कुंचला हाती घेण्याआधी उच्चार पक्का करावा लागतो. परक्या नावाचे स्पेलिंग तेथे उतरत नाही, ध्वनी उतरतो. म्हणून रोमन अक्षरे बाजूला ठेवून नाव देवनागरीवरून मोठ्याने म्हणावे आणि त्याचे उच्चारी तुकडे पाडावेत.

जपानीत परकी नावे कताकाना या 46 मूळ अक्षरांच्या लिपीत लिहितात. तीत जोडाक्षर नसल्याने ‘स्नेहा’चे ‘सु-ने-हा’ होते, आणि ‘ल’ व ‘र’ यांना एकच अक्षर असते. दीर्घ स्वरासाठी अक्षरापुढे आडवी रेघ येते. ‘मीरा’ लिहिताना ‘मि’, रेघ आणि ‘रा’ अशी तीन चिन्हे हवीत. रेघेच्या जागी ‘इ’चे स्वतंत्र अक्षर घातले, तर उच्चार तोच राहतो, पण वाचणाऱ्यापुढे जतन केलेल्या मृतदेहाचा, म्हणजे ‘ममी’चा जपानी शब्द उभा राहतो. एखाद्या मुलीला भेट द्यायच्या कागदावर असे होऊ नये, म्हणून ती भाषा रोज वाचणाऱ्या माणसाला मसुदा दाखवल्याशिवाय शाई लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नाव उभे लिहायचे असेल तर ही रेघही उभी होते; ती आडवीच राहिलेली फार ठिकाणी दिसते. ‘शि’ आणि ‘त्सु’ या सारख्याच दिसणाऱ्या कताकाना अक्षरांत तर फटकाऱ्याची दिशाच अक्षर ठरवते: ‘शि’चा शेवटचा फटकारा खालून वर जातो, ‘त्सु’चा वरून खाली येतो.

कोरियन हंगुल त्यामानाने सोपी आहे. राजा सेजोंगने 1443 मध्ये रचलेल्या आणि 1446 मध्ये जाहीर केलेल्या या लिपीत 14 मूळ व्यंजने आणि 10 मूळ स्वर असून एका उच्चाराची चिन्हे एका चौकोनात बसवतात. ‘स्नेहा’चे येथेही तीन चौकोन होतात, पहिल्यातला स्वर ओठ गोल न करता काढलेल्या ‘उ’सारखा असतो. ‘व्ही’चा ध्वनी नसल्याने तेथे ‘ब’चे व्यंजन येते.

चिनीत मात्र खरी निवड करावी लागते, कारण प्रत्येक अक्षराला ध्वनीबरोबर अर्थही असतो. नुसते आवाज जुळवून मिळालेली अक्षरे परकी वाटतात. जाणकाराकडून घडवून घेतलेले नाव चिनी माणसाला नावासारखे वाटते. 1938 मध्ये चीनमध्ये गेलेल्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे ‘के दिहुआ’ हे नाव पाहावे: ‘के’ हे खरेच चिनी आडनाव आहे, ‘के दि’मध्ये कोटणीसांचा ध्वनी आहे, आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. अक्षरे सुलभ, म्हणजे सोपी केलेली, की पारंपरिक, हेही आधी ठरवावे. सुलभ रूपे मुख्य भूमीवर 1956 पासून आली, तैवान व हाँगकाँगमध्ये पारंपरिक चालतात, आणि सुलेखनात पारंपरिक रूपेच अधिक पसंत केली जातात. एका नावात दोन्हींची सरमिसळ करू नये.

कित्ता संगणकावरून काढताना अक्षरसंचाची (फॉन्टची) भाषा तपासावी. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीत अनेक चिनी व जपानी अक्षरांचा क्रमांक एकच असल्याने भाषा चुकली की अक्षराचे वळण दुसऱ्या देशाचे उमटते. सुरुवात चिनी ‘काइशू’ किंवा जपानी ‘काइशो’ या सुट्या, स्पष्ट वळणापासून करावी. प्रवाही वळण नवख्या हाताला साधत नाही.

कागदाखाली लोकरीचे जाड कापड घालावे, वर वजन ठेवावे आणि कुंचला उभा धरावा. फटकारे सामान्यतः वरून खाली व डावीकडून उजवीकडे, ठरलेल्या क्रमानेच घ्यावेत, आणि उमटलेला फटकारा पुन्हा गिरवू नये, कारण शाईचा दुसरा थर कागदावर लगेच दिसतो. बिघडलेला कागद बाजूला ठेवून नवा घ्यावा. नाव काळ्या शाईतच लिहावे. चीन आणि कोरियात जिवंत माणसाचे नाव लाल शाईत लिहिणे अशुभ मानतात. लाल रंग लिहिणाऱ्याच्या शिक्क्यापुरता ठेवावा, आणि तो शिक्का शाई पूर्ण वाळल्यावर डाव्या बाजूला, खालच्या अंगाला उठवावा.