लिहिणाऱ्यांच्या बैठकीत अभिप्राय कसा द्यावा

गोव्यात चार लिहिणारी माणसे जमली की बैठक सुरू व्हायला वेळ लागत नाही, टिकत मात्र नाही. कारण बहुतेकदा एकच: अहो रूपम् अहो ध्वनि! तू माझ्या कवितेला छान म्हण, मी तुझ्या कथेला म्हणतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत चहा आणि मिक्स भजी तेवढी उरतात.

माणसे पाच ते सात असावीत. त्याहून वाढली की बोलणारे तेच तिघे आणि बाकीचे श्रोते. एका बैठकीत दोनच लेखने घ्यावीत, प्रत्येकी १,५०० शब्दांच्या आत, आणि मजकूर चार दिवस आधी सगळ्यांना पोचवावा. आयत्या वेळी ऐकून दिलेली दाद बहुधा आवाजाला असते, मजकुराला नसते. वेळ रविवारी चारनंतरची. दोन ते चार गोव्यात कोणाला उठवू नये. गावाकडच्या बस लवकर आटपतात, म्हणून साडेसहाला बैठक संपवावी. चवथीचा, म्हणजे गणपतीचा, महिना सरळ सोडून द्यावा.

घरी मजकूर दोनदा वाचावा. पहिल्यांदा पेन्सिल लांब ठेवून. दुसऱ्यांदा समासात खुणा कराव्यात: रमलो तिथे उभी रेघ, अडखळलो तिथे नागमोडी, पटले नाही तिथे प्रश्नचिन्ह. ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. ज्या प्रसंगाचे शुद्धलेखन तपासाल तो पुढच्या खर्ड्यात गळूनही जाईल.

बैठकीत लेखकाने एक परिच्छेद वाचून दाखवावा आणि सगळ्यांचे बोलून होईपर्यंत गप्प बसावे. ‘मला म्हणायचं होतं की...’ सुरू झाले की चर्चा मजकूर सोडून खुलाशावर जाते. बोलणाऱ्याला पाच मिनिटे, आणि बोट नेमक्या ओळीवर.

समजा, कथेत खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध आहे आणि भरती येताच नायक धावत जाऊन मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारे ढकलून बंद करतो. ‘वर्णन जमलंय’ म्हटल्याने लेखकाच्या हाती काही लागत नाही. ‘काहीतरीच लिहिलंय’ म्हटल्याने तो दुखावतो, एवढेच. उपयोगाचा अभिप्राय असा: ‘दुसऱ्या पानावर मी थबकलो. मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मग हा धावला कशाला? दारात काही अडकलं होतं का?’ आता अडकलेला ओंडका, शेतात शिरणारे खारे पाणी, वाट पाहणारी माणसे, सगळे लेखकाला दिसू लागते. चूक दाखवली, पण प्रश्नाच्या रूपाने. उत्तर त्याचे त्याने शोधावे. काळाबद्दल शंका असेल, म्हणजे १९६०च्या, पोर्तुगीज अमलातल्या पणजीत एस्कुदो या पोर्तुगीज चलनाऐवजी भारतीय नोटा मोजल्या जात असतील, तर आधी पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळावीत, मग बोलावे.

आपल्याकडचा खास वाद संवादांचा. निवेदन मराठी, पात्रे कोंकणी बोलतात, आणि कोणीतरी ‘शुद्ध मराठीत लिहा’ म्हणतोच. हा अभिप्रायच नव्हे. पाहायचे ते वेगळेच: गोव्याबाहेरच्या वाचकाला प्रसंगातून अर्थ लागतो का? पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला आणि आईने दारात पाव घेतले, एवढ्याने काम भागते. कंसात अर्थ दिला की संवाद मेला. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याचा म्हातारा आणि दक्षिण टोकाच्या काणकोणची सून एकसारखी बोलत असतील, तर तिथे प्रश्नचिन्ह हवेच.

कविता असेल तर ती कवीने न वाचता दुसऱ्याने वाचावी. वाचणाऱ्याची जीभ कुठे अडते ते कवीने टिपावे.

बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, ‘मी असतो तर असं केलं असतं’ म्हणत दुसऱ्याची कथा आपल्या शैलीत लिहून काढणारे. उपाय लेखकाने मागितला तरच द्यावा. दुसरे, फक्त आपला मजकूर घेऊन येणारे. त्यांच्यासाठी सरळ नियम करावा: दुसऱ्यांच्या दोन लेखनांवर अर्धे-अर्धे पान अभिप्राय लिहून दिल्याशिवाय आपली पाळी नाही.

घरी गेल्यावर लेखकाने सगळ्यांच्या प्रती शेजारी मांडाव्यात. तिघांची नागमोडी रेघ एकाच परिच्छेदाशी असेल, तर तिघांनी सुचवलेले उपाय बाजूला ठेवून तो परिच्छेद नव्याने लिहावा. एकट्याचीच रेघ असेल, तर आठवडाभर थांबून मग ठरवावे.