बास्केटबॉल प्रशिक्षकाने क्रीडा अधिकारी कसे व्हावे?

ग्वाल्हेरच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे बास्केटबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने क्रीडा प्रशासनाकडे वळताना प्रथम पदवीचा विचार करावा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका मैदानावर मोलाची असली, तरी केवळ तिच्या बळावर महाविद्यालयीन क्रीडा अधिकाऱ्याचे पद मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानात किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट (राष्ट्रीय वा राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) किंवा नियमांत बसणारी पीएचडी लागते. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी असते: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावे लागते. पदवीसाठी गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. १९५७ साली स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था येथेच आहे. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत क्रीडा अधिकाऱ्यांची भरती राज्य लोकसेवा आयोगामार्फत होते.

खरी तयारी मात्र कागदपत्रांची. आंतरविद्यापीठ स्पर्धेला संघ पाठवताना पात्रता अर्जातील नाव व जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते की नाही, हे प्रशिक्षक असतानाच स्वतः तपासावे. वेलांटीच्या फरकानेही ऐनवेळी अडचण उभी राहते. प्रवासाची आगाऊ उचल, चेंडूखरेदीची तीन दरपत्रके, साठा नोंदवही हेही हाताखालून घालावे. लिपिकाशी सलोखा ठेवावा, तो प्राचार्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. पदभार मिळाल्यावर स्वतः घडवलेल्या संघाचे प्रशिक्षण दुसऱ्याकडे सोपवावे, अन्यथा कबड्डी आणि खो-खोचे खेळाडू निधीवाटपाकडे संशयाने पाहू लागतात.