नळदुर्गला निघताय? आधी या चुका टाळा

सोलापूरहून नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर, हैदराबाद रस्त्याने तासाभराचा प्रवास. पावसाळ्यातल्या रविवारी निम्मं सोलापूर तिथल्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला जातं, फोटो काढतं, भाजलेलं कणीस खातं आणि अंधाराच्या आत घरी परततं. मीही कैक वर्षं तेच केलं. एकदा परतल्यावर आजोबांनी विचारलं, "बोरीच्या पुलावर थांबलास का रे?" ते कशाबद्दल विचारतायत हेच मला कळलं नाही.

नळदुर्ग म्हणजे फक्त आदिलशाही, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. १९४८ साली सोलापूर मुंबई प्रांतात होतं आणि नळदुर्ग, तुळजापूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. १३ सप्टेंबरला निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरकडून आत शिरली ती याच रस्त्याने. वाटेत नळदुर्ग आणि बोरी नदी. तो पूल तुटला असता तर गाड्या अलीकडेच अडकल्या असत्या. सातव्या ब्रिगेडने तो शाबूत ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. अशोकचक्राच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. १७ तारखेला निजामाने हार मानली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण त्याच तारखेला पाळतो. तेव्हा किल्ल्यात शिरण्याआधी गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावा आणि पाच मिनिटं नदीकडे बघा. एवढी अरुंद जागा आणि केवढं काय तिच्यावर अवलंबून होतं, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला मी आल्या आल्या विचारलं, "रझाकारांचं काही आठवतं का?" ते गप्प झाले आणि उठून आत गेले. या भागात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेने, लोकांचा अनन्वित छळ केला, आणि कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांची कत्तल झाली. या हिंसेची पाहणी करायला सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हाही धरला होता. दोन्ही जखमा एकाच गल्लीत शेजारी शेजारी राहतात. आधी चहा घ्या, पिकापाण्याचं बोला, आपण कुठले ते सांगा. समोरच्याला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. नाहीच बोलला तर विषय सोडून द्या. आणि एकाच घरचं ऐकून परतू नका.

बाकीच्या चुका वेळेच्या. अक्कलकोट, तुळजापूर आणि नळदुर्ग एकाच दिवसात उरकायचा हट्ट आपल्याकडे घरोघरी असतो. त्यात हाल किल्ल्याचे होतात, त्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. त्याला अख्खी सकाळ द्या. मे महिन्यात जाऊच नका. उन्हात उपळी बुरुजाच्या उंच पायऱ्या चढून वरच्या लांबलचक तोफेला हात लावला तर चटका बसतो. सावली नाही, म्हणून पाणी आणि टोपी घ्याच. पाणी महाल धरणाच्या भिंतीतच बांधलेला आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळतं तेव्हा तो देखणा दिसतो, पण पायऱ्यांना शेवाळ धरतं आणि गर्दीत पाय सरकतो. बांधकाम नीट बघायचं असेल तर दिवाळीनंतर जा.

सोलापूर शहरातही एक जागा सुटते: भैय्या चौकाजवळचं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक. १९३८ साली ते जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. जाण्याआधी ते उघडं आहे का, एवढं विचारून घ्या.

माचणूरला लोक मोठा किल्ला शोधत जातात आणि हिरमुसून परततात. मंगळवेढ्याच्या रस्त्यावरच्या या गावी तटबंदी फार उरलेली नाही. पण १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी इथेच, लगतच्या ब्रह्मपुरीला, भीमेकाठी होती. मराठ्यांना संपवायला आलेला बादशहा या वळणावर चार वर्षं अडकून पडला होता. इथे ऊन उतरल्यावर जा. सिद्धेश्वराच्या घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिथे बसलात की लाखाची छावणी नदीच्याच काठाने का पसरली असेल, ते समोर दिसतं.