या चुका टाळा : ‘जा लागते’चं इंग्रजी ‘मस्ट टू गो’ नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या संध्याकाळच्या शिकवणीला निम्मीच पोरं येतात. परवा दहावीतल्या एका मुलीनं न येण्याचं कारण वहीत इंग्रजीतून लिहून आणलं, ‘यस्टरडे आय मस्ट टू गो टू फार्म.’ तिच्या मनातलं वाक्य होतं, ‘काल मले वावरात जा लागलं’, म्हणजे काल मला शेतात जावं लागलं.

यात दोन चुका आहेत. ‘जायला पाहिजे’मधला ‘ला’ आपण ‘टू’ करून टाकतो. पण कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट या नवांच्या नंतर ‘टू’ येत नाही, नुसतं मूळ क्रियापद येतं. दुसरं म्हणजे सक्तीच्या अर्थाच्या ‘मस्ट’ला भूतकाळाचं रूप नाही. ‘जा लागलं’ म्हणजे ‘हॅड टू गो’. आपल्या वऱ्हाडीतलं ‘लागते’ हे ‘हॅव टू’च्या अगदी जवळचं आहे, म्हणून पोरांना मी आधी घरचंच वाक्य मनात म्हणायला लावतो.

शकतो, शकते, शकतात अशी आपली रूपं बदलतात. ‘कॅन’ बदलत नाही. ‘शी कॅन्स’ नको, ‘शी कॅन रन’. तसंच ‘विल कॅन’ नको, ‘विल बी एबल टू’.

सगळ्यात जपायची जागा नकाराची. ‘यू मस्ट नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड’ म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचंच नाही. ‘यू डोन्ट हॅव टू स्प्रे टुडे’ म्हणजे आज नाही फवारलं तरी चालते. पोरं दोन्हीकडे ‘नाही’ पाहतात आणि एकच अर्थ लावतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. घरात औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी बरेचदा शाळेत जाणारं पोरगंच वाचून दाखवतं, त्यामुळे हा फरक मी मार्कांसाठी शिकवत नाही. ‘मस्ट नॉट’ दिसलं की ‘करायचंच नाही’ असं मोठ्यानं म्हणून घेतो.

‘कुड’चं थोडं वेगळं आहे. ‘लहानपणी मला पोहता यायचं’ याला ‘आय कुड स्विम’ बरोबर. पण ‘काल कशीबशी शेवटची एसटी मिळाली’ ही एकदाच घडलेली गोष्ट, तिथं ‘आय वॉज एबल टू कॅच द बस’. एसटी हुकली असेल तर मात्र ‘आय कुडन्ट कॅच द बस’ चालतं.