जुन्या लुनाला हब मोटार: चाक फिरेना, नुसतं थरथरतं (सुटलं!)

परभणीत आजोबांच्या लुनाला ४८ व्होल्टची हब मोटार (चाकाच्या आतच असणारी विजेची मोटार) बसवली. एक्सिलेटर पिळला की चाक जागेवरच थरथरायचं, घर्र आवाज यायचा, जाड वायरी तापायच्या. एक्सिलेटर बदलला, उसना कंट्रोलर (बॅटरीचा करंट मोटारला सोडणारा डबा) लावला, फरक शून्य. तीन रविवार वाया गेले, जीव मेटाकुटीला आला.

दोष वायरींच्या क्रमात होता. रंगाला रंग जोडला की झालं, हे खरं नाही.

गाडी डबल स्टँडवर, चाक अधांतरी. कंट्रोलर चालू ठेवून मल्टिमीटरचा काळा प्रोब हॉल सेन्सरच्या (चाक कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणारा मोटारमधला सेन्सर) काळ्या वायरीला, लाल आळीपाळीने पिवळ्या, हिरव्या, निळ्या बारीक वायरीला. चाक हाताने हळू फिरवताना प्रत्येकीवर ० आणि ५ व्होल्ट आलटून पालटून दिसलेच पाहिजेत. दिसले, म्हणजे सेन्सर ठीक.

मग बारीक वायरींना हात न लावता फक्त कंट्रोलर ते मोटार अशा तीन जाड वायरींच्या सहाही जोड्या (कुठली वायर कुठल्या वायरीला, याचे सहा प्रकार) करून पाहिल्या. दर वेळी आधी बॅटरी काढायची, एक्सिलेटर अगदी थोडा पिळायचा. एका जोडीत चाक फिरलं, पण गुरगुरत; ती फसवी, करंट जास्त खाते. माझी बरोबर जोडी: कंट्रोलरची पिवळी मोटारच्या निळीला, निळी हिरवीला, हिरवी पिवळीला. चाक गुपचूप फिरलं, वायरी गार.

तुमचं उलटं फिरलं तर दोन बारीक वायरी (पिवळी-हिरवी) अदलाबदल करून सहाही जोड्या पुन्हा तपासा.