नवीन मशीन बिघडलेलं निघालं तर: आधी जॉब शीट, मग ओटीपी

बिल जपून ठेवा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या, हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या स्टिकरवरच्या नंबराशी जुळतो का ते डिलिव्हरीवाला दारात असतानाच बघा, एक आकडा जरी चुकला असला तरी पुढे प्रत्येक फोनवर तेच निस्तरत बसावं लागतं. खोका थर्माकोलसकट ठेवा, घरात अडचण होते, होऊ दे. खोका उघडतानाचा व्हिडिओ सील दिसेल असा, मध्ये कुठेही न थांबवता काढा.

आता ती गोष्ट, जी मागच्या वेळी माझ्याकडून राहिली आणि सगळं तिथेच अडलं. टेक्निशियन घरी आला की जॉब शीटची, म्हणजे त्याने काय तपासलं आणि काय केलं ते लिहिलेल्या कागदाची, कॉपी घ्यायची, प्रत्येक वेळी घ्यायची. माझ्या वॉशिंग मशीनसाठी माणसं येत राहिली, मागचं कव्हर उघडून काहीतरी करून "आता चालेल बघा" म्हणून जात राहिली आणि जाताना मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला की मी सांगत गेले. तो ओटीपी, काही ठिकाणी त्याला हॅपी कोड म्हणतात, म्हणजे काम झालं आणि ग्राहकाची तक्रार नाही, अशी तुमचीच कबुली असते. नंतर कंपनीच्या सिस्टीममध्ये माझी प्रत्येक तक्रार सुटलेली दिसत होती, आणि मशीन पहिल्यापासून खराब आहे हे दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता.

म्हणून आधी जॉब शीट, मग ओटीपी. आणि दोष तसाच असेल तर ओटीपी द्यायचाच नाही, तो कितीही गयावया करो, "मॅडम माझा कॉल पेंडिंग राहील" म्हणो. राहू दे पेंडिंग, तेच तर खरं आहे. शीटवर तारीख, तक्रार नंबर, सीरियल नंबर, त्याला काय सापडलं, कुठला पार्ट बदलला किंवा मागवला, त्याचं नाव आणि सही, एवढं हवं. त्याने नुसतं "ओके" लिहिलं असेल तर खाली आपल्या हाताने "दोष कायम आहे" लिहूनच सही करा आणि फोटो काढा. कागद नाही, सगळं ॲपवरच आहे म्हणाला तर त्याच्या स्क्रीनचा फोटो घ्या, आणि तो गेल्यावर त्याच दिवशी कस्टमर केअरला मेल टाका की आज अमुक वाजता माणूस आला, हे हे केलं, बिघाड तसाच आहे. नुसत्या फोनवर सांगितलेल्याचा तुमच्या हातात पुरावा राहत नाही.

फ्रीज किंवा एसी असेल तर व्होल्टेजचं कारण पुढे येतंच. स्टॅबिलायझरचं बिल असेल तर ते आणि अर्थिंग नीट आहे असं इलेक्ट्रिशियनकडून लिहून आणलेलं, दोन्ही फाईलला लावा. मशीन पहिल्या दिवसापासूनच चालू होत नसेल तर रिपेअरला हो म्हणू नका, आधी सर्व्हिस सेंटरकडे डीओए (डेड ऑन अरायव्हल) सर्टिफिकेट, म्हणजे मशीन आलं तेव्हाच बंद होतं असं लिहिलेलं पत्र, मागा, बदलून मिळायला ते फार उपयोगी पडतं.

दुकानदार म्हणेल आमचं काम विकण्यापुरतं, आता कंपनीशी बोला. ऐकून घेऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणून लेखी मागणी या मुदतीच्या आत जायला हवी, दुकानदार आणि कंपनी दोघांनाही, बदलून द्या की पैसे द्या ते स्पष्ट लिहून. ऑनलाइन घेतलं असेल तर त्या साईटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असा नियम आहे. हप्त्यावर घेतलं असेल तर रागाने हप्ते थांबवू नका, कर्ज वेगळं असतं.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीकडे विषय पोचवतात आणि कधी कधी तेवढ्यावर काम होतं. डॉकेट नंबर, म्हणजे तिथला तुमचा तक्रार नंबर, लिहून ठेवा.

नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जायला लागत नाही. वस्तूसाठी ५ लाखांपर्यंत मोजले असतील तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षं, पण तोवर थांबू नका. इथे परत जॉब शीट, कारण दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि त्याची फी तुम्हालाच आधी भरायला सांगू शकतो. कंपनीच्याच माणसाने "ड्रम मोटर खराब" असं लिहून सही केलेली असेल तर तुमची बाजू तिथेच बरीच भक्कम होते. खरंच, ती शीट घ्या.

बाकी पटकन सांगते. धंद्यासाठी घेतलेलं मशीन सहसा या कायद्यात बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर बसतं. तक्रार दुकानदार आणि कंपनी दोघांच्याही विरुद्ध करा. पैसे परत, त्रासाची भरपाई, खर्च, सगळं तक्रारीतच मागा. तक्रारीला प्रतिज्ञापत्र जोडा, पानांना नंबर द्या, कागद तारखेप्रमाणे लावा. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत.