आरोग्याचे नकाशे करताना या चुका टाळा

नकाशा रंगवायला आता फार वेळ लागत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हद्दींच्या फाइली मिळतात, उपग्रहांची चित्रं मिळतात, शिकवणारे व्हिडिओ हवे तेवढे आहेत. त्यामुळे रोगराई, गरिबी, प्रदूषण, पाणी यांवरचे नकाशे भराभर तयार होतात आणि त्यांतले बरेच माझ्याकडे तपासायला येतात. चुका मात्र त्याच त्या असतात. यांतल्या बहुतेक चुकांना सॉफ्टवेअर अडवत नाही. नकाशा सुबक निघतो, आणि सुबक नकाशा पाहिला की लोक प्रश्न विचारायचं सोडून देतात. त्या नकाशावरून दवाखाना कुठे उघडायचा, फवारणी कुठे करायची हे ठरणार असेल, तर ही बाब किरकोळ राहत नाही.

पत्ता सापडला नाही तरी ठिपका पडतो

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक ही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

रुग्णांच्या नोंदींत पत्ते असतात. ते जिओकोडिंगच्या सेवेला दिले की प्रत्येक ओळीला अक्षांश-रेखांश मिळतात. पत्ता घरापर्यंत लागला तर ठिपका घरावर पडतो. नाही लागला, तरी बऱ्याच सेवा ती ओळ रिकामी सोडत नाहीत. रस्त्याच्या मध्यावर, तेही नाही तर पोस्टल कोडच्या क्षेत्राच्या मध्यबिंदूवर, अगदीच काही नाही तर शहराच्या मध्यावर ठिपका टाकून देतात. पत्ता कितपत नेमका लागला हे एका वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं. तो रकाना कोणी उघडत नाही.

एका गटाने दम्याच्या रुग्णांचा असाच नकाशा केला होता. हॉटस्पॉटचं, म्हणजे रुग्ण कुठे दाटलेत ते शोधणारं, विश्लेषण चालवलं आणि कारखान्यांच्या पट्ट्याजवळ एक गडद लाल डाग उमटला. गट खूश. अहवालाचा मसुदा तयार, धुराशी संबंध जोडणारा परिच्छेदही लिहून झालेला. माझ्याकडे फक्त भाषा आणि आकृत्या बघायला आला होता. मी मूळ तक्ता मागवला आणि अक्षांशाच्या रकान्यानुसार क्रमाने लावून घेतला. एकच जोडी, शेवटच्या दशांशापर्यंत तीच, पानामागून पान खाली चालली होती. तो बिंदू उपग्रहाच्या चित्रावर टाकला तर तिथे मोकळं मैदान. एकही घर नाही.

झालं असं होतं, की जवळच्या वस्तीत रस्त्यांना नावं नव्हती आणि घरांना क्रमांक नव्हते. तिथल्या रुग्णांचे पत्ते ‘अमक्या दुकानामागे’, ‘टाकीजवळ’ असे लिहिलेले. सेवेला त्यातलं काही कळलं नाही, तिने ते सगळे रुग्ण पोस्टल कोडच्या मध्यबिंदूवर, म्हणजे त्या मैदानात नेऊन ठेवले. लाल डाग दम्याचा नव्हता, न सापडलेल्या पत्त्यांचा होता.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. गटातल्या एका उत्साही मुलाने लगेच सुचवलं, की या ओळी काढून टाकू. काढल्या, डाग नाहीसा झाला, नकाशा स्वच्छ दिसायला लागला. पण त्या ओळींबरोबर ती अख्खी वस्ती नकाशावरून गेली! ज्यांचे पत्ते नीट लागत नाहीत ते बहुधा गरीब, स्थलांतरित, अनधिकृत वस्तीत राहणारे लोक असतात, आणि आजारही तिथेच जास्त असण्याची शक्यता असते. म्हणजे ही चूक सगळीकडे सारखी विखुरलेली नसते, एका बाजूला झुकलेली असते. अशा ओळी गाळणं हा उपाय नाही. ते उत्तर बदलून टाकणं आहे.

शेवटी त्या भागात रोज फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना छापील उपग्रह चित्रावर वस्तीची हद्द पेनने काढायला सांगितली, आणि घरनिहाय ठिपके सोडून वस्तीनिहाय आकडे मांडले. काम वाढलं, अहवाल लांबला. त्याला इलाज नव्हता.

माझी सवय सांगते. नकाशाची खिडकी उघडायच्या आधी मी तक्ता उघडते. एकाच जागेवर किती नोंदी बसल्यात ते मोजते. दशांशस्थळं बघते: दोन दशांश असतील तर अक्षांशात सुमारे एक किलोमीटर इकडे-तिकडे, चार असतील तर सुमारे ११ मीटर. अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य असलेल्या ओळी शोधते, कारण रिकाम्या रकान्यांचे शून्य झाले की ते रुग्ण आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतात. मग थोड्या ओळी कशाही निवडून त्यांचे ठिपके उपग्रहाच्या चित्रावर डोळ्यांनी तपासते. आणि नकाशाखाली लिहिते: इतके टक्के पत्ते घरापर्यंत लागले, इतके रस्त्यापर्यंत, इतके लागलेच नाहीत. ही ओळ नसलेला ठिपक्यांचा नकाशा मी मान्य करत नाही.

रुग्णांचा नकाशा म्हणून लोकसंख्येचा नकाशा

जिल्ह्यांमध्ये रुग्णसंख्येचे रंग भरले की मोठी शहरं गडद होणारच, कारण तिथे माणसं जास्त. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर महिन्याला असा नकाशा समोर येतो. रंग भरायचे तर लोकसंख्येमागे दर काढून भरा. नुसता आकडा दाखवायचा असेल तर लहानमोठी वर्तुळं वापरा.

पण दर काढला की झालं, असं समजणारे अर्ध्या वाटेवर थांबतात. समजा, एका गावात ४०० लोक आहेत. एक रुग्ण सापडला की दर हजारी अडीच. शेजारच्या ४०,००० वस्तीच्या शहरात ४० रुग्ण, दर हजारी एक. नकाशावर गाव गडद आणि शहर फिकट. पुढच्या वर्षी गावात कोणीच आजारी पडलं नाही तर तेच गाव पांढरंशुभ्र. गावात काहीच बदललेलं नसतं. अमेरिकेतल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं काउंटीनिहाय उदाहरण संख्याशास्त्राच्या वर्गांत नेहमी दिलं जातं: सर्वांत कमी दराच्या काउंटी बघितल्या तर त्या ग्रामीण, विरळ वस्तीच्या. मग स्वच्छ हवा, शांत जीवन अशी कारणं सुचायला लागतात. सर्वांत जास्त दराच्या बघितल्या तर त्याही ग्रामीण, विरळ वस्तीच्याच. दोन्ही टोकांना छोटी लोकसंख्या आहे, एवढंच.

उपाय जुने आहेत. तीन-पाच वर्षांचे आकडे एकत्र करा. वयानुसार प्रमाणित दर काढा, नाहीतर म्हाताऱ्यांची गावं नेहमीच आजारी दिसतील. आणि एम्पिरिकल बेज पद्धतीने दर मऊ करा. डेव्हिड क्लेटन आणि जॉन काल्डोर यांनी १९८७ मध्ये रोगांच्या नकाशांसाठी ती मांडली. तिच्यात छोट्या गावाचा दर सरासरीकडे ओढला जातो आणि मोठ्या शहराचा जवळपास आहे तिथेच राहतो. जिओडा या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती मेनूत आहे. मी कच्चा दर आणि मऊ केलेला दर असे दोन नकाशे शेजारी-शेजारी लावते आणि ज्या गावाचा रंग दोन्हींत खूप बदलतो त्या गावाबद्दल एकही वाक्य लिहू देत नाही.

प्रोजेक्शन

प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत. ती चुकवणं ही नवशिक्यांची चूक म्हणतात, पण अनुभवी लोकही ती करतात. क्यूजीआयएस वेगवेगळ्या प्रोजेक्शनचे लेयर (नकाशाचे थर) आपोआप बदलून एकमेकांवर बसवून दाखवतं, त्यामुळे सगळं जुळलंय असं वाटतं. मग ४३२६ या क्रमांकाच्या, म्हणजे अंशांत मोजणाऱ्या पद्धतीतल्या लेयरवर कोणीतरी ‘अर्धा किलोमीटर म्हणजे साधारण ०.००४५ अंश’ असा हिशेब करून बफर, म्हणजे ठिपक्याभोवतीचं वर्तुळ, काढतं. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो, ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा. त्यामुळे विषुववृत्तापासून लांब गेलात की पडद्यावरचं ते वर्तुळ जमिनीवर लंबगोल होतं. ३८५७, म्हणजे वेबवरच्या नकाशांचं प्रोजेक्शन, तर मोजमापासाठी नाहीच: ६० अक्षांशावर त्यात लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट येतं. अंतरासाठी आपल्या भागाचा यूटीएम झोन (मीटरमध्ये मोजणारं, पट्ट्यापट्ट्यांचं प्रोजेक्शन) घ्या, घनतेसाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ खरं ठेवणारं प्रोजेक्शन.

आणि लेयर चुकीच्या जागी दिसला म्हणून ‘सेट सीआरएस’ (लेयरचं प्रोजेक्शन सांगायची जागा) मध्ये जाऊन दुसरा आकडा निवडू नका. त्याने फाइलवरची पाटी बदलते, आतले आकडे तसेच राहतात. बदलायचं असेल तर ‘रीप्रोजेक्ट’.

पाच किलोमीटरचं वर्तुळ

दवाखान्याभोवती वर्तुळ काढलं आणि आतल्या सगळ्यांना सेवा मिळते असं जाहीर केलं. मध्ये नदी असेल, पूल लांब असेल, लोहमार्ग असेल, याचा पत्ता नाही. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या १८५४ च्या कॉलऱ्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन स्नोला हे तेव्हाच कळलं होतं. त्याच्या नंतरच्या नकाशात एक रेषा आहे: रस्त्याने चालत गेलं तर ब्रॉड स्ट्रीटचा पंप जवळ की दुसरा, हे वेगळं करणारी. हाताशी संगणक नसताना त्याने हे केलं. आज रस्त्यांचं जाळं ओपनस्ट्रीटमॅपवर मिळतं, नेटवर्क विश्लेषणाची अवजारं क्यूजीआयएसमध्येच आहेत. वर्तुळ काढायला सबब उरलेली नाही.

स्नोचं नाव घेऊन दुसरी एक चूक होते, तीही इथेच सांगते. ‘त्याने नकाशा काढला आणि कारण सापडलं’ असं शिकवलं जातं. दूषित पाण्याचा त्याचा विचार १८४९ मध्येच छापून आला होता, आणि पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती. त्याचं खरं काम अपवाद तपासण्याचं. पंपाजवळच्या गरीबखान्यात ५३५ माणसं होती आणि मेली फक्त पाच. का? तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. तुमच्या नकाशावर डाग दिसला की आधी डागात असूनही निरोगी असलेली घरं शोधा, आणि डागाबाहेर असून आजारी असलेली. हे न करता कारण लिहिणाऱ्यांची घाई मला मान्य नाही.

विभागाचं माणसावर लादू नका

गरीब विभागात आजार जास्त दिसला म्हणजे गरीब माणूसच आजारी असतो, असं त्या नकाशावरून म्हणता येत नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सनने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं, की ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले लोक जास्त तिथे साक्षरता जास्त, पण माणसामाणसाचा हिशेब केला तर परदेशी जन्मलेले थोडे कमी साक्षर. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, म्हणून राज्यांचं चित्र उलटं आलं. शिवाय हद्दी बदलल्या की निकाल बदलतो. तेच विश्लेषण दोन वेगळ्या पातळ्यांवर चालवून बघा.

थोडक्यात

तक्ता नकाशाला गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने जोडू नका, कोडने जोडा. आणि तो कोड मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर एक्सेल पुढचे शून्य खातं.

शेपफाइल या जुन्या प्रकारच्या नकाशा-फाइलीत रकान्याचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं, आणि अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली की देवनागरी मजकुराचा चिखल होऊ शकतो. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरा.

दोन वर्षांचे नकाशे तुलनेला ठेवताना रंगांच्या सीमा दोन्हींत सारख्याच हव्यात.

लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून काढलेलं तापमान पृष्ठभागाचं असतं, हवेचं नाही, आणि दिवसाचं चित्र सकाळी दहाच्या सुमाराचं असतं. रात्रीच्या उकाड्याबद्दल त्यावरून बोलू नका. लँडसॅट ८ आणि ९ च्या औष्णिक पट्ट्याचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा आहे, फाइलमध्ये ३० मीटर दिसला तरी.

ठिपके जगाला दाखवण्याआधी

रुग्णाचं नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं समजू नका. छापलेल्या नकाशातल्या ठिपक्यांवरून मूळ पत्ते बऱ्याच अंशी परत काढता येतात, हे २००६ मध्येच दाखवून दिलं गेलं आहे. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात यांच्या नोंदी असतील तर एका ठिपक्याने एखाद्या बाईला घर सोडावं लागू शकतं. म्हणून आकडे विभागांत एकत्र करा. ठिपके दाखवणं अगदीच गरजेचं असेल तर ते यदृच्छेने हलवा. वस्ती दाट असेल तिथे थोडे, विरळ असेल तिथे बरेच, कारण माळावरच्या एकट्या घराचा ठिपका दोनशे मीटर सरकवून काही लपत नाही. ठिपके हलवले आहेत हे नकाशावर लिहा, आणि मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून ईमेल करू नका. जिओपीडीएफमध्ये, म्हणजे जागेची माहिती आत असलेल्या पीडीएफमध्ये, कोऑर्डिनेट आणि कधी कधी अख्खा तक्ता सोबत जातो. बाहेर पाठवायचा नकाशा साध्या पीएनजी चित्रात, कमी झूमवर काढा.